दहा सोडून

ट्रकचा हौदा चासीवर टेकला तेव्हा फार आवाज झाला नाही. साखळीच्या कप्पीनं बोटाबोटानं खाली सोडलेला, चासीवर रबराच्या पट्ट्या अंथरलेल्या. कुणी जाड पुस्तक मिटावं तेवढाच आवाज. पण तो त्याला कोपरापर्यंत जाणवला, कारण आवाजाच्या आधी त्याला दिसलं होतं. केबिनकडची चार भोकं चासीच्या भोकांवर बरोबर बसली होती आणि मागची चार चासीच्या भोकांपर्यंत पोचलीच नव्हती. त्यानं वाकून मधल्या उघड्या लोखंडावर हाताचा पंजा आडवा ठेवला. अंगठा चिकटवून ठेवला की त्याचा पंजा दहा सेंटिमीटरचा, हे त्याला शाळेपासून माहीत होतं. पंजा बरोबर मावला. साडेनऊ नाही, दहाला थोडं वर नाही. हात चुकतो तेव्हा दोन-तीन मिलीमीटर चुकतो, आळस चुकतो तेव्हा सेंटिमीटर. बरोबर दहा चुकायला माणूस लागतो.

मागे कानशीचा आवाज चालला होता. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मागच्या फाळक्याच्या कडा घासत होते, मांडीवर जुनं गोणपाट. कानस थांबली. त्यानं मान वळवली नाही. कानस पुन्हा सुरू झाली.

चार वाजता ताई येणार होती. आत्ता साडेअकरा.

ताई येणार होती ती हौदा बघायला, असं म्हणायला हरकत नाही. तिचं फोनवरचं बोलणं गेले सहा महिने एकाच रुळावरून जात होतं: बाबांना तिकडे नेते, तिकडचा डॉक्टर चांगला आहे, तिच्याकडे खालची खोली रिकामी आहे, आणि तू किती दिवस डोळ्यांत तेल घालून बसणार आहेस. बाबांनी नातीला ताईच्या नावानं हाक मारली होती. बाबा एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून चप्पल न घालता परत आले होते. हे सगळं त्यानंच कधी ना कधी सांगितलेलं, हसण्यावारी नेत, आणि ताईनं एकेक उचलून जपून ठेवलेलं. शेवटच्या फोनवर तो चिडला नव्हता; त्याला चिडणं जमत नसे. तो म्हणाला होता, "ताई, तू ये आणि बघ. अख्खा हौदा बाबांच्या मापावर उभा राहतोय. डोकं गेलेल्या माणसाच्या मापावर हौदा बसेल का?" ताई म्हणाली, "बसला तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. पण बसला तर हं."

बसला नव्हता. दहानं.

टेपबद्दल सांगायला हवं. बाबांचा टेप पाच मीटरचा, पिवळा रंग उडून राखाडी झालेला, आणि त्याचं टोक तुटलेलं. पहिले चार सेंटिमीटर त्यावर नाहीतच. पाती चारच्या आकड्यापासून सुरू होते. बस बांधायच्या कारखान्यात कुणीतरी तो दारात चिरडला, तेव्हा बाबा तिथं पत्र्याचे फिटर होते आणि नवा टेप मागायला स्टोअरकडे जाणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. तेव्हापासून बाबा दहापासून मोजतात. दहाची रेघ कडेला लावायची, पलीकडे जो आकडा येईल तो मोठ्यानं सांगायचा, आणि लिहिणाऱ्यानं त्यातून दहा काढून लिहायचं. नियम कडक. मोजणाऱ्यानं वजाबाकी करायची नाही. "डोळ्यानं फक्त वाचायचं," बाबा म्हणत, "डोळा हिशेब करायला लागला की बघायचं विसरतो." पहिल्यांदा तो त्यांच्यासमोर वही घेऊन उभा राहिला तेव्हा अकरा वर्षांचा असेल, मागच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं बांधायचं होतं. बाबा म्हणाले एकशे चाळीस, त्यानं लिहिलं एकशे तीस, बाबांनी वहीत डोकावून पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. ते काहीच न बोलणं त्याच्या आयुष्यातल्या मोठ्या बक्षिसांपैकी एक होतं. पुढे तो त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर ड्रॉइंगच्या टेबलाला लागला, बाबा खाली जमिनीवर, आणि बाबा त्याला साहेब म्हणायला लागले. आधी टोमणा म्हणून, मग सवयीनं. कारखाना बंद झाला, बाबा निवृत्त झाले, तो दिवसा एका लिफ्टवाल्याकडे नकाशे काढू लागला, आणि रविवारी घरामागच्या गॅरेजमध्ये दोघं मिळून कुणाकुणाची कामं करू लागले. चाळीस वर्षं. दहा सोडून, असं त्या चाळीस वर्षांत कुणी कुणाला म्हणालं नाही. म्हणावं लागत नव्हतं. घरात पाय धुऊन यावं तसं ते होतं.

मोजणी, पहिल्यांदा.

सात रविवारांपूर्वी, सकाळ. ट्रक मागे घेत गॅरेजमध्ये घातलेला, केबिन दाराकडे, उघडी चासी आत. जुना लोखंडी हौदा गंजानं इतका खाल्लेला की तो काढताना हातात पापुद्रे आले. मालकीण रोपवाटिकेवाली, ओली माती, ओल्या कुंड्या, लोखंड टिकणार कसं. तिला ॲल्युमिनियमचा हवा होता आणि तिची अट एकच होती: "लांबीत चार क्रेट बसले पाहिजेत. साठ-साठचे. चौथा लटकता कामा नये, मी आधीच लोकांची रोपं वाटेत सांडून बदनाम आहे." बाबांनी रुंदी मोजली, सांगितली, त्यानं लिहिली. मग लांबी. टेप चासीवर आडवा टाकून, केबिनकडच्या टोकाला शिकंज्यानं धरून, बाबा मागच्या टोकाला गेले. तो टेबलाशी वही घेऊन. बाबांचा आवाज: "दोनशे सेहेचाळीस. लिही." त्यानं लिहिलं दोनशे छत्तीस.

एवढंच. यात चूक कुठं आहे?

चासी दोनशे सेहेचाळीस होती. आज ती त्यानं आपल्या नव्या टेपनं पुन्हा मोजली. बाबांची पाठ होती तेव्हा मोजली, चोरासारखी. म्हणजे बाबांनी वाचलेला आकडा म्हणून जो सांगितला तो वाचलेला नव्हता, खरा होता. टेपवर दोनशे छप्पन्न दिसायला हवे होते आणि बाबा सेहेचाळीस म्हणाले. म्हणजे बाबा नियम विसरले. चाळीस वर्षांचा नियम, स्वतःचा, जो त्यांच्या हाडांत होता असं तो फोनवर ताईला सांगत आला. चप्पल विसरणं वेगळं. नातीचं नाव वेगळं. तो तिथंच, हौदा आणि भिंत यांच्यामधल्या दीड फुटाच्या जागेत उभा राहिला आणि त्याला दुःख झालं नाही, त्याला एक हलकेपणा आला, आणि त्या हलकेपणाकडे तो लांबून बघत राहिला. जिची वाट बघत असतो ती बस शेवटी आली की येतो तसा. बरी बस नाही, पण आली.

बायको दारात चहा घेऊन आली. ती वाचनालयात काम करते आणि कुठल्याही जागेत शिरली की आधी डावीकडून उजवीकडे नजर फिरवते. नजर चासीच्या टोकावर थांबली.

"हे असं राहणार?"

"नाही."

"मग?"

"दहा कमी आलंय."

तिनं बाबांच्या हातात कप दिला, त्याचा कप ऐरणीवर ठेवला. "तुमचं दोघांचं मिळून एक डोकं आहे असं मी लग्नापासून ऐकतेय," ती म्हणाली, "त्यातलं दहा सेंटिमीटर कुणाकडे राहिलं?"

बाबा हसले. तो हसला. तिनं दोघांकडे पाहिलं आणि ती हसली नाही. जाताना तिनं वेल्डिंगला लागणाऱ्या आर्गॉनच्या सिलिंडरची किल्ली हातानं चाचपून पाहिली, बंद आहे ना म्हणून, आणि गेली. तिचं ते चाचपणं त्याच्या लक्षात आलं. गेल्या महिन्यात एक अख्खं सिलिंडर आठवडाभर उघडं राहून रिकामं झालं होतं. किल्ली सैल होती. त्यानं तसं सांगितलंही होतं, की किल्ली सैल आहे.

ॲल्युमिनियमवर एक साय असते. पत्रा कितीही घासा, हवा लागली की क्षणात नवी साय धरते, आणि ती साय आतल्या धातूपेक्षा तिप्पट तापल्याशिवाय वितळत नाही. म्हणजे वरून सगळं जसंच्या तसं दिसतं आणि आत पाणी झालेलं असतं. लोखंड बरं, लोखंड लाल होतं, पिवळं होतं, सांगून सवरून वितळतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. वेल्डिंगच्या काचेतून बघत राहावं, आत्ता होईल, आत्ता होईल, आणि एकदम सांधा खाली गळून पडतो, कागदात भोक पडावं तसा. कुणालाही विचारा, पहिला सांधा गळलाच. बाबांना वेल्डिंग कधी आवडलं नाही. ते म्हणायचे, रिव्हेट मारा, रिव्हेट दिसतात, मोजता येतात. पण हा हौदा सगळा वेल्डिंगचा होता. खाली चौकोनी पाइपांची चौकट, वर नक्षीचा जाड पत्रा, बाजूचे फाळके बिजागऱ्यांवर. सहा रविवार. आधी सगळीकडे टाके मारायचे, मग समोरासमोर एकेक सांधा, एकदा इथं एकदा तिथं, नाहीतर पत्रा तापून केळीच्या पानासारखा मुडपतो. बाबा प्रत्येक सांध्याआधी तारेच्या ब्रशनं साय काढून देत. हा ब्रश वेगळा ठेवलेला, लोखंडाला कधी न लावलेला. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागू द्यायचे नसतात. ओल मिळाली की एक दुसऱ्याला खातं. म्हणून मधे रबर.

तिसऱ्या रविवारी, नुसती चौकट उभी होती तेव्हा, बाबा खुर्चीतून म्हणाले होते, "साहेब, हा छोटा वाटतोय."

"रिकामा आहे म्हणून वाटतोय."

"रिकामी वस्तू मोठी वाटते."

"खोली. खोली रिकामी असली की मोठी वाटते, बाबा. चौकट नाही."

बाबांनी मान हलवली, पटल्यासारखी. त्यानं नकाशा पाहिला नाही. नकाशा त्यानंच काढला होता, वहीवरून. चार गुणिले साठ दोनशे चाळीस. हे अकरा वर्षांच्या मुलाला येतं. दोनशे छत्तीसात दोनशे चाळीस मावत नाहीत हे सहा रविवारांत, बारा सकाळ-दुपारांत, एकदाही त्याच्या मनात आलं नाही, आणि हे त्याला आत्ता, चहा गार होत असताना जाणवलं, आणि जाणवताच त्यानं ते बाजूला ठेवलं, उलटा धरलेला पाना बाजूला ठेवावा तसं. माप बाबांनी सांगितलं होतं. त्याचं काम लिहिणं.

मोजणी, दुसऱ्यांदा.

आता नीट आठवू लागलं. बाबा त्या दिवशी थकलेले होते. त्यांनी चष्मा दोनदा शोधला, दोन्ही वेळा तो कपाळावर होता. रुंदी मोजल्यावर ते टेबलाशी आले, खडू हवा म्हणाले, खडू समोरच होता तरी तिथं उभे राहिले, बराच वेळ, वहीकडे की वहीच्या पलीकडे असं काहीतरी बघत. मग म्हणाले, "जरा पाणी आण रे." पाणी बाटलीत होतं. तो तरी आत गेला, पेला भरून आणला, आणि आणला तेव्हा त्यांनी तो नुसता हातात घेतला, प्यायले नाहीत. पाणी मागून पाणी न पिणारा माणूस. मग ते मागच्या टोकाला गेले आणि "दोनशे सेहेचाळीस, लिही" असं म्हणाले. लिही. हा शब्दही नवा होता. लिहीच म्हणायचं कशाला, चाळीस वर्षं तो लिहितच होता. सगळं जुळत होतं. भोकं सोडून सगळं.

"बाबा."

"हं."

"हौदा दहा कमी आहे."

कानस थांबली. बाबांनी फाळक्याची कड अंगठ्यानं चाचपली, गोणपाट झटकलं, उठले, चासीच्या टोकाशी आले. त्यांनीही तसाच पंजा ठेवला. त्यांचा पंजा आता सुकून लहान झाला होता. बाजूला बोटभर लोखंड उरलं.

"बरोबर दहा?"

"बरोबर."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. ही नजर त्याला ओळखीची होती आणि कुठली ते आठवेना. मग आठवली: कारखान्यात एका जुन्या वेल्डरला दिसेनासं झालं होतं आणि तो कुणाला ताकास तूर लागू देत नव्हता, तेव्हा बाबा त्याच्या सांध्यांकडे नव्हे, त्याच्या चेहऱ्याकडे असे बघायचे.

"मग चुकलं," बाबा म्हणाले.

"कसं चुकलं?"

"चुकतं तसं." ते परत खुर्चीत बसले. "मागे दहाची पेटी जोड. रुंदीभर. सांधा दिसेल, पण बळकट होईल."

"मी सांधा कसा जोडायचा विचारत नाहीये, बाबा."

"मला तेवढंच येतं, साहेब."

तो रागावला असावा. राग असावा म्हणून त्यानं ग्राइंडर चालू केला आणि ज्या कडेला घासायची गरज नव्हती ती घासली. माणसानं आयुष्यभर दुसऱ्याची चूक सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशी ओरडून सांगायची आणि स्वतःची आली की चुकतं तसं. त्याला हेही कळत होतं की हा राग खरा नाही. खरा काय आहे ते काचेमागे होतं, रंग न बदलता.

ताई चारच्या आधीच आली. गाडी फाटकात, इंजिन चालू ठेवूनच ती उतरली, मग परत जाऊन बंद केलं. तिनं बाबांच्या गालाला हात लावला, भावजयीला विचारलं, तुझे पाय कसे आहेत, आणि गॅरेजमध्ये आली. ताईला या कामातलं काही कळत नाही असं घरात समजलं जातं. तिनं हौद्याला एक फेरी मारली. मागच्या टोकाशी थांबली.

"हे बाहेर राहिलंय ते असंच असतं का रे?"

तो बोलणार होता. काय बोलणार होता ते त्याला अजून ठरवायचं होतं. असतं असंच, किंवा अजून काम बाकी आहे, ताईला काय कळतंय. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "माझ्यामुळे राहिलं. माप मी चुकीचं सांगितलं."

"बाबा—"

"दहापासून लावायचा टेप. मी टोकापासून लावला. विसरलो." ते हे अगदी सहज म्हणाले, उद्या दूध घेऊ नका म्हणावं तसं. "आता होतं असं."

ताई काही जिंकल्यासारखी दिसली नाही. ती खाली बसली, उकिडवी, बाबांच्या खुर्चीशी, आणि त्यांच्या गुडघ्यावरचा ॲल्युमिनियमचा चुरा बोटांनी झाडू लागली. "दोन महिने या. नुसते दोन. डॉक्टरला दाखवू. नाही आवडलं तर मी स्वतः परत आणून सोडीन."

"खालची खोली ना?"

"खालचीच."

"जिने नकोत मला."

"एक पायरी आहे बाबा. एकच."

"मग येतो," बाबा म्हणाले. सहा महिने ज्याला तो नाही म्हणत आला ते त्यांनी दोन शब्दांत देऊन टाकलं. बायको कपडे भरायला आत गेली. जाताना तिनं नवऱ्याकडे पाहिलं, ती वाट बघत होती की तो काहीतरी म्हणेल; तो म्हणाला, "औषधाचा डबा वरच्या फळीवर आहे." डबा वरच्या फळीवर नव्हता, नंतर तो स्वयंपाकघरात सापडला.

तो एकटा राहिला तेव्हा एक गोष्ट त्याच्या मनात हळूहळू फिरत होती. कोणती ते कळायला त्याला जुना टेप हातात घ्यावा लागला. टोकापासून लावला, असं बाबा म्हणाले. टोक तुटलेलं होतं. पाती चारपासून सुरू होत होती. टोकापासून लावला असता तर पलीकडे दोनशे पन्नास आले असते. सेहेचाळीस येणंच शक्य नव्हतं. सेहेचाळीस फक्त एकाच रीतीनं येतात: दहापासून लावायचा, छप्पन्न वाचायचे, आणि मनात दहा वजा करून सांगायचे. म्हणजे बाबा काही विसरले नव्हते. बाबांनी वजाबाकी केली होती. मोजणाऱ्यानं करायची नसते ती.

ताईला हे कळणं शक्य नव्हतं. जगात दोनच माणसांना कळण्यासारखं हे खोटं होतं आणि त्यातल्या एकानं ते दुसऱ्याच्या देखत सांगितलं होतं.

पेटीसाठी रुंदी लागणार म्हणून त्यानं वही उघडली. पेटीसाठीच उघडली. पान सापडायला वेळ लागला. वर त्याच्याच अक्षरात रोपवाटिका, तारीख, चार क्रेट, साठ. खाली लांबी दोनशे छत्तीस, त्याचं अक्षर, स्वच्छ. त्याच्या वर रुंदी. रुंदी एकशे बासष्ट. पण मधला सहा त्याचा नव्हता. तो पेनानं लिहितो. सहा पेन्सिलीचा होता, गिरवून गिरवून गडद केलेला, खाली शेपूट, बाबांचा सहा. आणि त्या पेन्सिलीच्या खाली, अजून स्पष्ट दिसणारा, निळ्या शाईतला त्याचा सात.

एकशे बहात्तर.

मोजणी, तिसऱ्यांदा.

बाबा रुंदी सांगतात: एकशे बहात्तर. तो लिहितो: एकशे बहात्तर. जसं ऐकलं तसं. लिहून समाधानानं टेबलाला टेकतो. बाबा खडूसाठी येतात. खडू समोर आहे. ते वहीत बघतात, खुराड्याच्या दिवशी बघितलं तसं, आणि बघत राहतात. कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चुका ओरडून सांगणारा माणूस. ते ओरडत नाहीत. ते म्हणतात, जरा पाणी आण रे. तो जातो. ते पेन्सिल उचलतात. तो पाणी आणतो. ते पेला हातात धरतात, तहान नसलेल्या माणसासारखा. मग मागच्या टोकाला जातात, छप्पन्न वाचतात, चाळीस वर्षांचा नियम मोडून मनात दहा काढतात, म्हणजे त्याला काढावे लागू नयेत, आणि सांगतात: दोनशे सेहेचाळीस. लिही. म्हणजे आहे तसं लिही. आणि नेमकं या वेळी, पाण्याच्या पेल्यानंतर, त्याला नियम आठवतो.

दोघांनी एकमेकांना सांभाळलं होतं. दहा दोनदा गेले.

मग इतर गोष्टी आल्या, न बोलावता, ओळीनं. सिलिंडरची किल्ली सैल नव्हती. नवीन बसवताना दुकानदारानं जुनी फिरवून दाखवली होती. सिग्नलला हिरवा लागून मागे भोंगे वाजत होते तेव्हा तो कुठं होता? लिफ्टवाल्याकडे दोन नकाशे परत आले होते, साहेब, एकदा बघून घ्या म्हणून. बायको हल्ली किल्ल्या चाचपते. बायको हल्ली त्याला दुकानातल्या वस्तू फोनवर पुन्हा सांगते. आणि बाबा रविवारी सकाळी, गरज नसताना, प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये येऊन बसत होते. त्याला वाटत होतं तो बाबांवर लक्ष ठेवतोय.

तो वही घेऊन बाहेर आला. गाडी सुरू झाली होती. बाबा पुढच्या सीटवर, पट्टा लावलेला, मांडीवर पिशवी. ताई आरसा नीट करत होती.

"ताई, थांब. माप बाबांनी बरोबर सांगितलं होतं. चूक माझी आहे. हे बघ." त्यानं वही खिडकीतून आत धरली.

ताईनं वहीकडे पाहिलंही नाही. ती थकल्यासारखी हसली. "तू ना. सहा महिने हेच. चप्पल विसरले तरी तूच चप्पल लपवली होतीस म्हणशील. किती पाठीशी घालशील त्यांना?"

"अगं, खरंच. सातावर सहा—"

"तू दमलायस रे," ताई म्हणाली. "जरा आराम कर. दोघांनाही बरं होईल."

त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा वहीकडे बघत होते, उघड्या पानाकडे, मग त्यांनी हात बाहेर काढून वही मिटली आणि त्याच्या छातीशी सरकवली. "पेटी कापायच्या आधी दोनदा मोज," ते म्हणाले. "आणि किल्ली बंद कर." गाडी फाटकातून गेली. ताई वळताना नेहमी लवकर इंडिकेटर लावते, तो बराच वेळ लुकलुकताना दिसत राहिला.

गॅरेजमध्ये उजेड अजून चांगला होता. फाळका खुर्चीला टेकवून ठेवलेला, एक कड घासलेली, एक तशीच. गोणपाट घडी करून. टेप त्यांनी नेला नव्हता. त्यानं तो हौद्याच्या मागच्या कडेवर आडवा टाकला, दहाची रेघ डाव्या काठाला लावली, शिकंजा आवळला, उजवीकडे गेला, वाकला, वाचलं, आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाला. आवाज पत्र्यावर आपटून परत आला. टेबलापर्यंत सात पावलं. टेबलाशी पोचला, पेन उचललं, आणि आकडा डोक्यात होता, पण तो वाचलेला होता की वाटेत त्यातून दहा गेले होते, ते त्याला सांगता येईना. वहीत उत्तर होतं. वहीत दोन्ही उत्तरं होती, एकावर एक. तो परत गेला. वाचलं. परत आला. सात पावलं म्हणजे फार नव्हेत. तिसऱ्यांदा गेला तेव्हा तो हौद्याशीच उभा राहिला, आकड्यावर बोट ठेवून, आणि बोट काढलं नाही.

फोन खिशात वाजला. ताईचा नंबर. मागे गाडीचा आवाज, आणि ताई कुणाला तरी, बहुधा रस्त्याला, काहीतरी बोलत होती.

"मोजलंस?" बाबांचा आवाज.

"हो."

"किती आलं?"

त्यानं बोटाखाली पाहिलं. "एकशे बहात्तर."

मग बाबांनी विचारलं, अगदी हलक्या आवाजात, ताईला ऐकू जाऊ नये असं:

"वजा तू करतोयस, की मी करू?"

त्याचं बोट टेपवर होतं. पाती गार होती, कडेला किंचित धार असलेली.

"तुम्ही करा," तो म्हणाला.